आणखी दोनच

कुस्तीचे दिवस सरलेल्या एका तालमीत एकदा एका वृद्ध वस्तादांनी आपल्या संघाच्या कप्तानाला सूर्य बुडाल्यावर फलंदाजीला उभे केले. शिक्षा म्हणावी तर त्याने सामना हरवला नव्हता आणि सराव म्हणावा तर चेंडू दिसत नव्हता. वस्तादांचे डोके फिरले असे दोघातिघांनी बोलूनही दाखवले. तसे ते नव्हते. पण ते कळण्यासाठी आधी त्या तालमीची रीत सांगितली पाहिजे.

तालीम जुनी. आखाड्यातली लाल माती उकरायलाही कोणी उरले नव्हते. तरुणांनी मागची मोकळी जागा क्रिकेटच्या सरावासाठी मागितली, तेव्हा वस्ताद म्हणाले, "घ्या. जागा घामाला सोकावलेली हाय, कुणाचाबी असू दे." मुलांनी बांबू रोवले, नायलॉनची जाळी ताणली आणि रोज दुपार उतरली की सराव सुरू झाला. वस्ताद भिंतीला पाठ लावून दगडी कट्ट्यावर बसत. त्यांनी जन्मात बॅट हातात धरली नव्हती. शिवाय ते बोलत नसत. म्हातारे माणूस गप्प बसले की त्याला काही कळत नाही असे समजण्याची आपल्याकडे पद्धत आहेच; मुलांनीही तसेच समजून घेतले.

कप्तानाचे नाव प्रल्हाद. उत्तम फलंदाज, आणि मनाने दुष्ट मुळीच नव्हे. त्याची एकच इच्छा होती. तालमीच्या फळीवर वस्तादांची जुनी गदा एकटी पडली होती. तिच्या शेजारी तालुक्याची ढाल आणून ठेवायची. वस्ताद आहेत तोवर ठेवायची. त्यासाठी तो जीव तोडून सराव करी.

जाळीत पाळी लागे ती सामन्यातल्या क्रमाने. पहिला प्रल्हाद. आपली पाळी संपली की तो गोलंदाजाला म्हणे, "आणखी दोनच." जगात कुठल्याही जाळीत हे दोन कधी दोन नसतात. एक चुकतो म्हणून तिसरा, तिसरा छान बसतो म्हणून चौथा. प्रल्हादाचे झाले की दुसरा येई, तोही म्हणे, "आणखी दोनच." कोणी कोणाला नाही म्हणत नसे. दोन चेंडूंना नाही म्हणणारा माणूस कंजूष दिसतो.

या रांगेच्या अगदी शेवटी गोरख होता. पिठाच्या गिरणीत काम करी आणि भुवयांवरचे पीठ न पुसताच धावत येई. संघातला सर्वांत वेगवान गोलंदाज तोच. त्यामुळे सगळ्यांना चेंडू टाकायचे तेही त्यानेच. खांदा भरून येईपर्यंत टाकून झाले की त्याची पाळी येई. तोवर सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेलेला असे. चांगला चेंडू पिशवीत जाऊन झिजलेला, काळपट चेंडू बाहेर आलेला असे. कोणी एक जण जाळीची दोरी सोडू लागलेला असे, कोणी मोटारसायकलला किक मारत असे. उरलेला एखादा जण उभ्या उभ्याच चारदोन चेंडू टाकी आणि म्हणे, "गोरख, तुझं उद्या बघू रे."

गोरख पॅड सोडी, खुंटीला अडकवी आणि घरी जाई. 'आणखी दोनच' हे शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाहीत.

त्या वर्षी संघ ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. भर दुपारची वेळ, आकाश स्वच्छ. नऊ गडी बाद झाले होते, पण प्रल्हाद एका बाजूने असा काही खेळत होता की प्रतिपक्षाचे लोकही टाळ्या देत होते. जिंकायला तीन धावा हव्या होत्या. समोर शेवटचा गडी म्हणून गोरख. प्रल्हाद त्याला चेंडू खेळू देत नव्हता. सोपी एक धावही सोडून देत होता. शेवटी त्याने एक चेंडू मोकळ्या जागी ढकलला आणि दोन धावांसाठी पळाला. क्षेत्ररक्षक चपळ निघाला. एकच धाव झाली आणि गोरख फलंदाजीला आला.

गोलंदाज दमलेला होता. चेंडू संथ आला, सरळ आला. कडेला बसलेल्या पोरासोरांनीही तो अडवला असता. गोरखचा पाय आपोआप मागे सरकला, अंग बाजूला झाले आणि चेंडूचा टप्पा पडतो न पडतो तोच त्याने हवेत बॅट फिरवली. मधली यष्टी आडवी झाली. प्रेक्षकांत हशा पिकला, कारण तो फटका खरोखर हसण्यासारखा होता.

प्रल्हाद नाबाद परतला. नाबाद राहून हरण्यासारखे दुःख नाही. दोष द्यायला स्वतःचा हात सापडत नाही. म्हणून त्याने दुसऱ्याचा शोधला. सगळ्यांदेखत तो गोरखला म्हणाला, "नुसती बॅट सरळ धरायची होती. एवढंही जमलं नाही तुला?"

"चुकलं," गोरख म्हणाला. त्याने पॅड सोडले आणि ते नीट गुंडाळून ठेवले. त्या दिवसापासून तो तालमीत आला नाही.

काही दिवस वाट पाहून प्रल्हाद वस्तादांकडे गेला. म्हणाला, "वस्ताद, गोरखच्या जागी दुसरा बघतो. गोलंदाजी चांगली आहे त्याची, पण ऐन वेळी कच खातो. रोज सराव करूनही ज्याला सरळ चेंडू अडवता येत नाही, त्याला काय शिकवायचं?"

"रोज सराव करत हुता?" वस्तादांनी विचारले.

"रोज. एक दिवस चुकला नाही."

"मग आसं कर," वस्ताद म्हणाले. "उद्या गोरखच्या जागी तू हुबा ऱ्हा. त्यो करायचा ते सगळं कर. त्येच्यायेवढं टाक, त्येच्या वख्ताला खेळ. मागनं काय ते बोलू."

गुरूची आज्ञा म्हणून प्रल्हादाने मानली, पण मनातून तो चिडलाच. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना चेंडू टाकले. प्रत्येकाने सवयीने म्हटले, "आणखी दोनच," आणि तोही सवयीने टाकत राहिला. मात्र आज त्याचे लक्ष पहिल्यांदाच टाकीकडे जात होते. सूर्य टाकीच्या कडेला टेकला तेव्हा दोघांची पाळी बाकी होती. ती झाली तेव्हा सूर्य नव्हता.

तो पॅड बांधून उभा राहिला. हातपाय गळून गेले होते. काळपट चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटला आणि मध्येच नाहीसा झाला. पहिला बरगडीत बसला. दुसरा अंगठ्यावर. टाकणाऱ्याचे अर्धे लक्ष गाडीच्या किल्लीकडे होते, मागे जाळी सैल होऊन पडत होती. "आटप रे," कोणी म्हणाले. तिसऱ्या चेंडूला प्रल्हाद कान देऊन उभा राहिला. चौथ्याला त्याचा पाय आपोआप मागे सरकला, अंग बाजूला झाले आणि टप्प्याचा आवाज येताच त्याने हवेत बॅट फिरवली. मधली यष्टी आडवी झाली.

"थांब," वस्ताद कट्ट्यावरून म्हणाले. "आत्ता कुणावाणी खेळलास?"

प्रल्हाद बॅट तशीच धरून उभा राहिला. उत्तर त्याला माहीत होते.

वस्तादांनी त्याला जवळ बसवून घेतले. म्हणाले, "एका संध्याकाळीत शिकलास बघ. त्यो कैक वर्सं हेच शिकत हुता. चेंडू दिसत न्हाई म्हटल्यावर माणूस अंग चोरतो आन् अंदाजानं हात फिरवतो. त्या दिवशी ऊन लख्ख हुतं, पर त्येच्या अंगाला अंधारच ठावं. अंधारातला खेळ तुमी त्येला शिकवला आन् परीक्षा घेतली उजेडात."

"अंधार काय आम्ही केला, वस्ताद?" प्रल्हाद म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"मग कुणी केला? तुमचं ते आणखी दोन कुठनं यायचं? वाढणारा शेवटी जेवतो, ही रीत हाय, तिला मी नावं ठेवत न्हाई. पर त्येचं पान राखून ठेवायचं आसतं. तुमी भांडी घासायला टाकून मग त्येला हाक मारत हुता." मग आखाड्याकडे पाहून म्हणाले, "कुस्तीत पैलवान एकटा पडतो, एकटा उठतो. ह्या खेळात शेवटच्या घटकेला समोर आपला एक माणूस हुबा आसतो, म्हणून मला ह्यो खेळ बघायला बरं वाटायचं. त्यो माणूस कसा तयार झाला, ते तू कधी बघितलंच न्हाईस. त्या वख्ताला तू तालमीला लावायचं कुलूप हुडकत आसायचास."

मग प्रल्हादाने विचारले, "तुम्हाला दिसत होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"

वस्तादांनी मान खाली घातली. "रोज वाटायचं, उद्या त्येची पाळी लवकर यील."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात प्रल्हाद स्वतःची बॅट घेऊन गिरणीवर गेला. पट्टा चालू होता, त्यामुळे त्याला मोठ्याने बोलावे लागले. झाले ते सगळे त्याने सांगितले. आपण काय केले तेही सांगितले, काही लपवले नाही. मग म्हणाला, "चल. ऊन आहे तोवर चल. पहिली पाळी तुझी. नवा चेंडू काढलाय. तुला पाहिजे तितका वेळ खेळ, मी टाकतो."

गोरखने बॅट हातात घेतली. तिचे वजन पाहिले. त्याच्या बोटांचे पीठ मुठीवर उमटले.

"म्हणजे तुलापण दिसला नाही चेंडू?" त्याने विचारले.

"नाही दिसला."

"मला वाटायचं, मलाच दिसत नाही. तुम्ही सगळे टाकत होता, कोणी काही बोलत नव्हतं. म्हटलं, ह्यांना दिसत असणार. मागल्या वर्षी मी डोळे तपासून आलो, प्रल्हाद. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांत काही दोष नाही. मग म्हटलं, दोष आपल्यातच आहे. खेळच नाही आपल्यात."

"तसं नव्हतं रे. चल आता, बघ तू, उजेडात कसा दिसतो ते."

गोरखने बॅट परत दिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर प्रल्हादाला बरे वाटले असते. "आता दिसला तरी पाय मागंच जाईल," तो म्हणाला. "त्या दिवशी दिसला होता की मला. चांगला मोठा दिसला होता. तरी गेला पाय. जा तू, पोरं थांबली असतील." आणि कोणाची तरी ज्वारी गिरणीत ओतायला तो वळला.

प्रल्हाद तालमीत परतला आणि कट्ट्यापाशी येऊन उभा राहिला. "उशीर झाला, वस्ताद," तो म्हणाला.

"व्हय. झाला," वस्ताद म्हणाले. एवढेच बोलून ते थांबतील असे वाटले, पण पुढे म्हणाले, "शहाणपण उशिरा आलं म्हणून दारातनं माघारी लावू नये. पर गेलेलं माणूस आणून दे, आसं त्येला सांगूबी नये. तेवढं बळ त्येच्यात नसतं."

त्यानंतर त्या तालमीत पाळी उलट्या टोकाकडून लागू लागली. तळाचा गडी नव्या चेंडूवर, भर उजेडात पहिला खेळतो. प्रल्हाद शेवटी, उजेड उरला तर. 'आणखी दोन' कोणी मागत नाही. वस्ताद पुढच्या वर्षी गेले. ढाल आली नाही, गदा फळीवर अजून एकटीच आहे. गोरख त्या जागेकडे फिरकला नाही. त्याची गिरणी संध्याकाळी उशिरापर्यंत चालते आणि प्रल्हाद खेळायला उभा राहतो तेव्हा तिचा आवाज तालमीपर्यंत येतो.

आपल्या घरात, कचेरीतही शेवटची पाळी कोणाची तरी असतेच. आणि तो कधी तक्रार करीत नाही असे आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा तो बहुधा एकटाच जाऊन आपले डोळे तपासून आलेला असतो.