झटका खाल्लेला दोर

एका गावात केरू नावाचा एक माणूस राहायचा. त्याचं काम झाडांचं. पण झाडं तोडणारा नव्हे बरं का, तसलं मनातही आणू नका! कुणाच्या कौलांवर ओणवलेली फांदी असो, वाळका शेंडा असो, नाही तर वाऱ्यानं चिरफाळलेली ढाळी असो, केरू वर चढायचा, तेवढीच कापायचा आणि दोराला बांधून अलगद खाली उतरवायचा. झाड जगायचं आणि घरही वाचायचं.

त्याची बायको भागू घायपाताची पानं झोडून त्यांच्या धाग्यांचे, वाखाचे दोर वळायची. तिच्या हातचा पीळ पंचक्रोशीत नावाजलेला. आणि त्यांची एकुलती एक लेक साळू. बापाचे पाय आणि आईचे हात घेऊनच आली होती पोर. चांगली वाढलेली, बापाच्या खांद्याला लागलेली. ती वर चढली की बघणारे डोळे मिटून घ्यायचे आणि ही बया वरून विचारायची, "अगं आई, भाकरीबरोबर आज ठेचा आहे ना?"

झाडावर जाताना कमरेला चामड्याचा रुंद पट्टा बांधायचा. पट्ट्याला दोर. तो दोर वरच्या दणकट फांदीवरून टाकून खाली सोडायचा, आणि खालच्या माणसानं तो हातात घट्ट धरायचा. वर पाय सुटलाच, तर दोर माणसाला झेलतो.

झाडावर चढणाऱ्या या लोकांची एक जुनी रीत होती. ज्या दोरानं पडणाऱ्या माणसाला झेललं, तो दोर त्याच दिवशी कोयत्यानं तोडायचा. तुकडे करून दोडक्याच्या मांडवाला बांधायचे, पण पुन्हा झाडावर न्यायचा नाही. कारण जोराचा झटका बसला की दोराचे आतले धागे तुटतात आणि वरून पीळ मात्र धड दिसतो. कुठं दुखतंय हे सांगायला दोराला तोंड नसतं.

एकदा केरू सावरीच्या उंच झाडावर चढला होता. पायाखालची फांदी कडाड् मोडली आणि तो खाली आला. भागूनं किंकाळी फोडली, पण साळूनं खालून दोर सोडला नाही. दोरानं असा हिसका खाल्ला की वरची फांदी वाकली, आणि केरू जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबकळत राहिला. साधं खरचटलंही नाही.

संध्याकाळी भागूनं कोयता आणि पाट पुढं ठेवला. म्हणाली, "घ्या, तोडा तो दोर."

केरूनं दोर छातीशी धरला. "ज्यानं मला जीवदान दिलं, त्याच्यावर कोयता चालवू? इतका कृतघ्न नाही गं मी!"

"अहो, रीत आहे आपली."

"रीत परक्या दोरांसाठी. हा माझा देव आहे."

आणि त्यानं खरोखरच दोराला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर टांगलं. भागू म्हणाली, "पूजा करायची तर करा, माझी ना नाही. पण वर तेवढा नेऊ नका." केरूनं मान हलवली.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं! पण माणसाचं मन कुठं थांबतं? गावातल्या बायका दोराला हात लावायला येऊ लागल्या. कुणी नारळ ठेवला, कुणी लेकराच्या कपाळाला दोर टेकवला. केरूची छाती फुगली. एक दिवस शेवग्याच्या लहानशा झाडावर त्यानं तोच दोर नेला. काही झालं नाही. मग चिंचेवर नेला. तिथंही काही झालं नाही. होणार कसं? त्यावर भार पडलाच नव्हता! पण केरूला वाटलं, दोर आपल्याला राखतोय. भागूनं पुष्कळ सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनंही बोलणं सोडलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात मोठी वावटळ आली आणि पाणवठ्यावरच्या वडाची एक जाडजूड ढाळी पिळवटून विहिरीवर लोंबली. केव्हा कोसळेल नेम नाही. बायका पाण्याला जाईनात. घराघरात हंडे कोरडे पडले. गावकरी केरूकडे आले, तर केरूच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला. जमिनीवर टेकवत नव्हता.

साळू पट्टा बांधत म्हणाली, "बाबा, मी जाते. तुम्ही बसून दोर धरा."

केरूचा जीव वरखाली झाला. एवढा मोठा वड, एवढी अवघड ढाळी आणि काळजाचा तुकडा वर जाणार. बापानं अशा वेळी लेकीला काय द्यावं? घरात जे सगळ्यांत चांगलं असेल ते. त्यानं खुंटीवरचा दोर काढला.

"हा घे, पोरी. यानं मला राखलं, तुलाही राखेल."

भागू पुढं झाली. तिच्या हातात नवा दोर होता, मुद्दाम साळूसाठी वळलेला. "हा ने गं. अहो, तो नको, तुमच्या पाया पडते."

"माझ्या लेकीसाठी माझा देव चालत नाही होय?" केरू दुखावून म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

साळूनं दोघांकडे पाहिलं. मग तिनं आईचा दोर हळूच बाजूला सारला. "असू दे आई. बाबांचं मन राहील. आणि मी काय पडतेय थोडीच?"

भागूनं नवा दोर खाली ठेवला. तिनं लेकीच्या कमरेची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

साळूनं काम झकास केलं. बारक्या फांद्या आधी कापल्या, मग मोठ्या ढाळीला दुसरा जाड दोर बांधून त्याचं टोक गावकऱ्यांच्या हाती दिलं आणि करवत लावली. ढाळी विहिरीला न शिवता हळूहळू खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साळू हसत खाली यायला वळली आणि सालीवर तिचा पाय घसरला.

तसा पाय प्रत्येकाचाच घसरतो. त्यासाठीच तर दोर असतो. केरूनं दोर घट्ट आवळला. क्षणभर लेकीचा भार हाताला लागला, आणि दोर एकदम हलका झाला.

साळू विहिरीच्या दगडी काठावर पडली.

तिला घरी आणलं. वैद्य आला, त्यानं नाडी पाहिली आणि भागूच्या नजरेला नजर दिली नाही. साळू शुद्धीवर होती. बापाच्या हातात तुटका दोर तसाच होता. त्याचं तुटलेलं टोक उकललं होतं. बाहेरचे धागे पांढरे, आत्ता तुटलेले. आतले काळपटलेले, कधीचेच तुटलेले. साळूनं ते पाहिलं. ती काय त्यातलं जाणत नव्हती? पण भोवतीच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पाय माझाच घसरला हो. बाबांना कुणी काही बोलू नका."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

लोक समजूत घालायला आले. कुणी म्हणालं, नशीब. कुणी म्हणालं, दोरानं दगा दिला. केरू एकदम ओरडला, "दोराला बोल लावू नका! त्यानं माझ्यासाठी आतल्या आत तुटून घेतलं होतं. त्याला सुट्टी द्यायची होती, मी त्याला देव केलं आणि देवालाच पुन्हा ओझ्याला जुंपलं. माझ्या लेकीला मी मारलं." आणि तो भिंतीवर डोकं आपटून रडला. भागू त्याच्याजवळ गेली. मीच दोर हिसकावून का घेतला नाही, हे तिलाही जन्मभर पुरणारं होतं. दोघं एकमेकांना धरून बसली.

केरू पुन्हा झाडावर चढला नाही. पण कुठल्याही गावात एखाद्या दोरानं माणूस झेलला, की लोक तो दोर केरूकडे घेऊन येत. केरू आधी दोर कपाळाला लावायचा. "फार केलंस रे बाबा," म्हणायचा. मग कोयता उचलून स्वतःच्या हातानं त्याचे तुकडे करायचा. त्या वेळी कोयता तो दुसऱ्या कुणाला देत नसे.

तात्पर्य: ज्यानं आपल्यासाठी झीज सोसली, त्याला हात जोडावेत आणि मोकळं करावं. त्याच्याच जिवावर पुन्हा भार टाकणं, याला उपकाराची जाण म्हणत नाहीत.