काकण आळीतली उडती चित्रं

चांदगावात सकाळचं कोवळं ऊन सगळ्यात आधी जिथे उतरायचं, त्या काकण आळीत शेवंती नावाची एक मुलगी राहायची. सगळे तिला शेवू म्हणत. तिला वडील नव्हते. आई लाखेच्या बांगड्या करायची. शेगडीवर लाख मऊ करायची, तिची लांब वळी ओढायची आणि वळीवर आरशाचे इवले इवले तुकडे बसवायची. बांगडी उन्हात धरली की तिच्यात अख्खं आभाळ लुकलुकायचं.

पण हल्ली बांगड्या घ्यायला कुणी येत नव्हतं. गावाबाहेरून नवा रुंद रस्ता झाला होता. त्याच्या कडेला काचेची उंच उंच दुकानं उभी राहिली होती आणि सगळं गाव तिकडेच वळलं होतं. शेजारचे यासीनचाचा कापूस पिंजून गाद्या शिवत. ते दिवसभर दारात नुसते बसून राहत. समोरची काशीमावशी मातीची भातुकली करायची; तिची चिमुकली चूल, पिटुकला तवा आणि अंगठ्याएवढी कळशी फळीवर धूळ खात पडली होती. शेवूच्या घरी कधी कधी एका वाटीपुरतीच पेज असे. आई म्हणे, "मला भूक नाही गं." शेवूला ते खरं वाटत नसे. ती अर्धी वाटी झाकून ठेवी.

एका सकाळी शेवू शेगडीसाठी काटक्या वेचायला आळीमागच्या जुन्या बागेत गेली. कण्हेरीच्या फांदीवर, कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचमत होतं. तिला वाटलं, चतुर असेल. जवळ जाऊन बघते तर बोटभर उंचीची परी! तिचे पंख मोरपिशी होते, झगा जांभळट गुलाबी, आणि एक पंख धाग्यांत पुरता गुरफटला होता.

"हलू नकोस हं," शेवू हळूच म्हणाली. "पंख फाटेल."

ती एकेक धागा सोडवत बसली. ऊन डोक्यावर आलं, काटक्या वेचायच्या राहिल्या, पण तिने घाई केली नाही. शेवटचा धागा सुटला, पंख फडफडले, आणि पानापानावर रंगांचे बारीक थेंब सांडले.

"मी रंगपरी," परी म्हणाली. तिचा आवाज घुंगरासारखा नाजूक होता. "तुला तीन इच्छा देते. पण त्यांना नियम आहेत, बाळा. स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याच्या मनात काय आहे ते आधी त्यालाच विचारायचं. न विचारता मागितलंस, तर इच्छा विरून जाईल."

शेवू धावत यासीनचाचांकडे गेली. "चाचा, तुमच्या मनात सगळ्यात सुंदर काय आहे?"

चाचांनी मांडीवरचा कापूस हाताने कुरवाळला. मग म्हणाले, "लहानपणी अब्बांबरोबर कापसाच्या शेतात जायचो, बेटा. बोंडं फुटली की वाटायचं, ढगच जमिनीवर येऊन झोपलेत."

शेवूने डोळे मिटले आणि तेच मागितलं. चाचांच्या मळकट भिंतीवर हिरवी पालवी सरसरत चढली. पांढरीशुभ्र बोंडं एकामागून एक उमलली आणि वारा आला की खरोखरीची डुलू लागली.

मग ती काशीमावशीकडे गेली. मावशी लाजत म्हणाली, "मला लहानपणी एकसुद्धा भावली नव्हती गं. खूप भावल्यांची एक पंगत बसावी, एवढंच वाटायचं."

आणि मावशीच्या भिंतीवर भावल्यांची पंगत बसली. लाल, पिवळे, डाळिंबी परकर! त्यांच्यापुढच्या बोळक्यांतून वाफ निघत होती आणि आळीभर नव्या तांदळाच्या भाताचा वास दरवळत होता.

चित्रं बघायला आधी मुलं आली, मग मुलांचे आईबाप आले. कुणी उशी शिवायला टाकली, कुणी भातुकली घेतली. जाता जाता बायका शेवूच्या आईकडे बांगड्या भरू लागल्या. आळी पुन्हा किणकिणू लागली.

ती किणकिण दामोदरशेठच्या कानावर गेली. आळीतली सगळी घरं त्यांच्या मालकीची होती. ते आले, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इथे आता माझी मोठी दुकानं होतील. पौर्णिमेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करा."

"शेठ, माझा जन्म इथला," चाचा म्हणाले. "हे चित्र माझ्या मनातलं आहे."

"भिंत माझी, म्हणजे चित्रही माझंच," शेठ म्हणाले आणि निघून गेले.

शेवू बागेत जाऊन खूप रडली. "मी काही मागितलंच नसतं, तर आम्ही सगळे इथेच राहिलो असतो," ती परीला म्हणाली.

परीने तिचे डोळे आपल्या पंखांनी पुसले. "एक इच्छा उरली आहे. कुणाला विचारलंस का?"

शेवू उठली आणि दारोदार गेली. काशीमावशी म्हणाली, "भिंत त्यांची, तर राहू दे त्यांच्याकडे. माझ्या भावल्या तेवढ्या माझ्याबरोबर येऊ देत." चाचांनी मान हलवली. "आणि माझा कापूस माझ्याबरोबर."

शेवूने डोळे मिटले. "ज्याचं चित्र, त्याच्याबरोबर जाऊ दे."

पौर्णिमेच्या सकाळी चाचांनी सामान हातगाडीवर चढवलं. गाडीचं चाक फिरलं, तशी भिंतीवरची बोंडं पालवीसकट अलगद सुटली आणि पांढऱ्या ढगासारखी चाचांच्या मागे तरंगत निघाली. समोरच्या भिंतीवरून भावल्या एकमेकींचे हात धरून उतरल्या आणि मावशीच्या पदराला धरून टुकूटुकू चालू लागल्या. शेवू, तिची आई आणि जमलेली सगळी माणसंही त्यांच्या मागोमाग गेली. मागे उरल्या करड्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये एकटे दामोदरशेठ.

कापसाचा एक चुकार पुंजका त्यांच्या हातावर येऊन बसला. किती मऊ होता तो, किती उबदार! शेठनी इकडेतिकडे पाहिलं. बोलायलासुद्धा जवळ कुणी नव्हतं. ते तसेच गाडीमागे धावले.

"यासीनभाई, परत चला," ते धापा टाकत म्हणाले. "तुमच्याशिवाय त्या नुसत्या भिंती आहेत."

"पुन्हा कुणाला उठवणार नाही, असं सगळ्यांसमोर बोला," चाचा शांतपणे म्हणाले.

शेठ सगळ्यांसमोर तसं बोलले. गाडी वळली. कापूस, भावल्या, पालवी, सगळं हसत खिदळत आपापल्या जागी परतलं.

शेवू बागेत पळाली. परी कण्हेरीच्या फुलावर बसली होती.

"तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," परी म्हणाली. "म्हणून हे मी न मागता देते." तिने शेवूच्या बोटांवर हळूच फुंकर घातली. बोटं क्षणभर केशरी झाली, मग पोपटी, मग निळी. "आता रंग तुझ्या हातात राहतील. माझी गरज लागणार नाही."

"पण तू ये ना कधीतरी."

परी नुसती हसली. तिच्या पंखांतून उजेड फुटला, तो फुलांवर सांडला, पानांवर सांडला, आणि बघता बघता ती त्या सोनेरी उजेडातच मिसळून गेली.

आळीतून आईची हाक आली. घरापुढे बायकांची गर्दी झाली होती. दिवे लागेपर्यंत आई बांगड्या भरत राहिली, आणि शेवू तिला खेटून बसून गरम लाखेवर रंगाची पहिली नाजूक वेल काढत होती.