पाटीवरचं वाक्य

"…सगळं नवं टाकलं, तरी तो कॉम्प्युटर हळूच चालतो. आता बघायचं राहिलं तरी काय, चाचा?"

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. समोर उघड्या पडलेल्या कॅबिनेटमधली धूळ ते ब्रशनं झाडत होते.

"काय काय बघितलंस?"

विक्रांत मगदूमनं उभ्याउभ्याच सांगितलं. पंखा साफ केला. चालू करताच आपोआप उघडणारे चौदा प्रोग्रॅम बंद केले. व्हायरस तपासला. रॅम दुप्पट केली. एवढ्यानंही फरक पडेना, तेव्हा हार्ड डिस्क फॉरमॅट करून सिस्टिम नव्यानं टाकली.

"किती वेळ लागला?"

"पाऊण तास."

हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा ताठा आलाच. दोन वर्षांपूर्वी तो याच दुकानातलं काम सोडून बाहेर पडला होता. एका मशीनपाशी चार-चार दिवस बसणाऱ्या माणसाकडे आणखी काय शिकायचं, असं तेव्हा तो मित्रांना म्हणाला होता. आज जयसिंगपुरात त्याच्याइतकं झटपट काम कोणी करत नव्हतं. चाचांच्या पायरीवर यायला त्याला जड गेलं होतं.

"घर कुणाचं?"

"शेडबाळेअण्णांचं. स्टँडवर कंट्रोलर होते ते."

ब्रश थांबला.

अण्णांचा आवाज गावात कुणाला माहीत नव्हता? तीस वर्षं स्टँडवरच्या कर्ण्यातून तोच आवाज यायचा. गाडी लागली, गाडी सुटतेय, गाडीला उशीर आहे. उशीर आहे हेसुद्धा ते असं सांगायचे की माणूस चिडायचा नाही. चार वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर हाताला कंप सुटला. आता गळ्याशी पांढरं फडकं असतं आणि मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी.

"सकाळी काकूंचा फोन आला," विक्रांत म्हणाला. "कॉम्प्युटर अजून अडकतोय म्हणाल्या. आणि… अण्णा दोन दिवस धड जेवले नाहीत म्हणे."

"का?"

"त्यांनाही कळेना. अण्णा पाटीवर काही लिहीतच नाहीत."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. पायांत चपला सरकवल्या.

"चल."

शेडबाळ्यांच्या मधल्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर होता. चालूच होता. पडद्यावर नव्या सिस्टिमचं निळं चित्र, आणि त्यावर गोल गोल फिरणारं चक्र. अण्णा बाजूच्या खुर्चीत बसले होते. पाटी टेबलावर पालथी पडली होती.

चाचा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कॅबिनेटला कान लावला.

टक… टक… टक…

आवाज अगदी बारीक होता. विक्रांतनं तो परवा ऐकला नव्हता. ऐकायला तो थांबलाच नव्हता.

चाचांनी हात लांबवून भिंतीतला प्लग ओढला. पडदा काळा झाला.

"अहो चाचा, असं एकदम—"

चाचांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. टेबलावरची पाटी उचलून त्यांनी सुलटी केली. कोरी होती. ती अण्णांच्या मांडीवर ठेवून ते त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"अण्णा, परवा तुम्ही या पोराला काहीतरी सांगत होता का?"

अण्णांनी विक्रांतकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पेन्सिल घेतली.

पहिलं अक्षर उमटायला किती वेळ लागला कोण जाणे. हात थरथरायचा, पेन्सिल भलतीकडेच जायची. अण्णा थांबायचे, गळ्यातून घरघरत श्वास घ्यायचे, पुन्हा टोक टेकवायचे. शकुंतलाकाकूंनी चहा आणून ठेवला. कुणी कपाला हात लावला नाही. विक्रांतच्या खिशात फोन दोनदा थरथरला. दुसऱ्या वेळी त्याचा हात खिशाकडे गेला, आणि चाचांनी आपला तळवा त्याच्या हातावर ठेवला.

पाटीवर शब्द उभे राहिले होते.

*जुनं सगळं काढून*

"हेच!" विक्रांतला राहवलं नाही. "हेच लिहिलं होतं परवा. मी लगेच म्हटलं, हो अण्णा, काढून टाकतो. यांनी हात वर केला… मला वाटलं, हो म्हणतायत. चाचा, मी विचारल्याशिवाय काही केलेलं नाही!"

चाचांनी पाटीकडे बोट दाखवलं.

पेन्सिल पाटीवरून उचललीच गेली नव्हती. ती आणखी एका अक्षराकडे निघाली होती.

ठे…

विक्रांत एक पाऊल पुढे आला.

व…

त्यापुढचं लिहून होईपर्यंत तो तसाच वाकून उभा होता. अण्णांनी पाटी त्याच्याकडे वळवली.

*जुनं सगळं काढून ठेव मग हात लाव*

विक्रांत भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

"काय… काय होतं त्यात?"

उत्तर दारातून आलं. शकुंतलाकाकू पदर मुठीत धरून उभ्या होत्या.

"ऑपरेशनच्या आधी आठ दिवस हे इथं बसून माइकवर बोलत होते. दार लावून. एक्केचाळीस वेळा बोललोय म्हणाले. नात मोठी झाली की ऐकेल. आणि तुला वाटेल तेव्हा तू ऐक, म्हणाले." त्या थांबल्या. "मी अजून एकदाही ऐकलं नाही. धीरच झाला नाही. म्हटलं, कुठं जातंय… आहेच की आत."

मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. आणि मुठीतला पदर सुटला.

"मला कळू नये म्हणून लिहीत नव्हता होय तुम्ही?"

अण्णांनी मान खाली घातली.

दुकानात परतल्यावर चाचांनी डिस्क तळहातावर घेतली.

"जागोजाग झिजलीय. खराब जागा आली की ही सोडून देत नाही. तेच पुन्हा वाचायला बघते. दहा वेळा, शंभर वेळा. म्हणून हळू चालत होती."

"आणि मी ती…"

"पुसलीस. वरून. आणि नव्या सिस्टिमनं काही जागा लिहून टाकल्या. त्या गेल्या. बाकीचं खाली असेल." चाचा जरा थांबले. "असेल…"

त्यांनी डिस्क आपल्या मशीनला जोडली. हिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही, फक्त वाचायचं, आणि वाचलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. दर तासाला थांबायचं, कारण ती तापते. गार झाली की पुन्हा.

"हे पुढे ढकलता येत नाही का? जिथं अडतंय तिथून थोडं…"

"नाही."

एवढंच बोलून चाचांनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं.

विक्रांतनं आपलं दुकान चार दिवस उघडलं नाही. पडद्यावर उतरलेल्या फायलींचा आकडा एके दिवशी सकाळी अकरा होता, संध्याकाळी तेरा. मध्येच डिस्क टकटक करत एकाच जागी अडून राहायची, आणि तो स्टुलावरून पुढे झुकायचा. पहिल्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकांचे फोन घेतले. दुसऱ्या दिवशी फोन बंद करून ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की डिस्क अडली की आपण तिच्याशी मनातल्या मनात बोलतोय. सावकाश, बाई. घाई नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती शेवटचं एकदा घरघरली आणि थांबली. पुन्हा फिरली नाही.

एक्केचाळीसपैकी सव्वीस फायली हाती आल्या होत्या.

त्या घेऊन दोघं शेडबाळ्यांकडे गेले. विक्रांतनं नवी डिस्क बसवली. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उघडला. एरवी त्यानं हे गिऱ्हाइकाला मोठ्यानं मोजून दाखवलं असतं. आज नाही. अण्णा खुर्चीत बसले होते. काकू आत भांडी घासत होत्या. लावू नका माझ्यासमोर, असं सांगून त्या आत गेल्या होत्या.

विक्रांतनं अण्णांकडे बघितलं. आणि थांबला. अण्णांनी सावकाश मान हलवली, तेव्हाच त्यानं पहिली फाइल उघडली.

आधी नुसता श्वास. खुर्ची कुरकुरल्याचा आवाज. माइकवर दोनदा टिचकी.

मग स्टँडवरच्या कर्ण्यातला तो आवाज खोलीत भरला. मात्र तो घोषणा करत नव्हता.

"अगं शकू… माझा चष्मा कुठं ठेवलास?"

"आले हो! देवाजवळ आहे बघा, सकाळी तिथंच—"

आतून ओ देणाऱ्या काकू एकदम थांबल्या. नळाची धार बंद झाली.

काकू दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातांतून पाणी ठिबकत होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. पडद्याकडे नाही, खुर्चीतल्या माणसाकडे बघत. अण्णांनी आपला थरथरता हात पुढे केला. त्या आल्या, खुर्चीशेजारी खाली बसल्या, आणि ओल्या हातांनी तो हात धरून ठेवला.

आवाज पुढे बोलत राहिला. नातीचं नाव घेत होता, चष्म्याशिवाय कागद वाचता येत नाही म्हणून स्वतःवरच हसत होता.

चाचांनी विक्रांतच्या खांद्याला स्पर्श केला. दोघं दार ओढून बाहेर आले.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत विक्रांत चाचांच्या मागून चालला. मग त्याचे पाय थांबले.

"पंधरा गेल्या, चाचा."

"हं."

"त्यात काय होतं, ते कधीच कुणाला कळणार नाही."

"नाही कळणार."

"तुम्ही मला रागावलाही नाहीत…"

चाचा चालत राहिले. विक्रांत धावत त्यांच्या बरोबरीला आला. त्याचे डोळे भरले होते.

"मी काय करू, सांगा. जे सांगाल ते करतो."

चाचा थांबले. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले,

"उद्या अण्णांकडे परत जा… पाना-पेचकस नेऊ नकोस. पाटी पुरी होईपर्यंत बस."