आधी फळी, मग रंग

नारळी पौर्णिमेआधी सावरखाडीच्या वाळूत आलात, तर होड्या कोऱ्या पडलेल्या दिसतील. जुना रंग मालकानेच खरवडायचा, आणि मग गावातली एखादी विधवा हातातल्या गोट्याने एकेक फळी वाजवून पाहणार. पाहुणे हसतात. हसा बापडे, पण कारण ऐकून हसा.

फार पूर्वी इथे नागू नावाचा कोळी होता, असे सांगतात. होडी रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. त्या काळी गेरू माशाच्या तेलात खलून लावत. एका वर्षी पौर्णिमा दोन दिवसांवर आली आणि तळाची एक फळी किड्याने खाल्लेली निघाली. सुतार परगावी. त्याची वाट पाहावी, तर पौर्णिमेला पहिली होडी पाण्यात लोटण्याचा मान दुसऱ्याकडे जाणार. नागूने भोकांत राळ भरली, वर गेरूचे तीन हात चढवले आणि तोंड मिटले.

थोरल्या भावाची बायको हिरू जाता जाता फळीवर बोट वाजवून म्हणाली, "भावजी, ही फली पोकल वाजतंय."

"बायांना होडीतला काय कलतंय? घरी जा."

मान मिळाला. दुसऱ्या दिवशी नागू तापाने फणफणला, म्हणून थोरला भाऊ धर्मा होडी घेऊन निघाला. नागूने अंथरुणातून हाक मारली, म्हणे; पण लाजेने पुढचा शब्द फुटेना. धर्मा परतला नाही. आठव्या दिवशी होडीचा एक तुकडा किनाऱ्याला लागला. गेरू तसाच तकतकीत होता. नागू शिंपल्याने तो खरवडत बसला, बोटे रक्ताळली, पण रंग उतरेना.

पुढच्या वर्षी त्याने नवी होडी बांधली आणि कोरीच ठेवली. विधवेची सावलीही नको म्हणणारे तेव्हाही होतेच. त्यांच्यादेखत त्याने हिरूच्या पायाशी गोटा ठेवला.

"वयनी, मना समदा ठावं होता. दादाला मीच मारला. आता तू बोलशील तवाच रंग लागंल."

हिरूने सकाळभर फळ्या वाजवल्या. शेवटच्या फळीपाशी थांबून म्हणाली, "ही नको."

फळी ठणठणीत आहे, असे सुतार सांगत राहिला. नागूने ती मुकाट उपसून काढली. त्या वर्षीची पौर्णिमा हुकली.

आजही इथे बाई "ही नको" म्हणाली, की का म्हणून कोणी विचारत नाही.