भावाच्या नावची भाकरी

“...पण चूक माझी होती की नव्हती, एवढंच सांगा ना, माई! एवढंच.”

गिरजामाई फाटक्या झोळीला ठिगळ लावत होत्या. सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं.

“चहा घेतलास?” त्यांनी विचारलं.

आता सांगा, असलं उत्तर ऐकून कोणाचं डोकं फिरणार नाही? कल्याणी रणदिवेचं फिरलंच. पुण्याहून निघून, तीन एसट्या बदलून ती या गोदाकाठच्या मठात येऊन धडकली होती. मठ म्हणजे काय, दोन खोल्या आणि एक ओटा. तिथं ही ऐंशीची संन्यासिनी, गुडघे धरलेली. चाळीस वर्षं पायी फिरली, आता फिरवत नाही म्हणून इथं टेकली. मोजकं बोलते पण खरं बोलते, असं कोणीतरी कल्याणीला सांगितलं होतं. मोजकं बोलते हे तर पटलं.

कल्याणी छप्पन्न वर्षांची. अकरा प्रवासवर्णनं तिच्या नावावर. बत्तीस देश झाले, आणि आपल्या मुलखातली गावं किती, त्याला गणती नाही. तिच्या पायाला भिंगरी आहे असं लोक कौतुकानं म्हणत. पण गेले अकरा महिने त्या भिंगरीची तिलाच भीती वाटायला लागली होती. तीन रात्रींच्या वर एका गावात झोप लागत नव्हती. वह्या भरत होत्या, सवयीनं. टेबलाशी बसलं की मात्र हात गोठायचा. एक पान होत नव्हतं.

“मला चारची गाडी गाठायची आहे, माई.”

“गाठ की. काय झालं ते सांग.”

कल्याणीनं सांगितलं. सांगायची कला तिला होतीच, तीच तर तिच्या मुळावर आली होती.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एक खानावळ. चालवणारी इंदुमती, पन्नाशीची. कल्याणी तिच्याकडे चार दिवस जेवली. चौथ्या दिवशी बांगडे तळता तळता इंदुमती बोलून गेली, की एकोणिसाव्या वर्षी ती पहिलं घर सोडून पळाली होती. घर, नवरा आणि दोन वर्षांची मुलगी. पुढं दुसरा संसार झाला, मुलगे झाले. त्या मुलग्यांना यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं.

कल्याणीनं ते लिहिलं. बाईचं नाव बदललं, गावाचं बदललं. पण खानावळीच्या दारातला फणस आणि त्याला टांगलेली पितळी घंटा मात्र तशीच ठेवली, कारण ती फार सुरेख होती. त्या पट्ट्यात तशी खानावळ एकच! एक गिऱ्हाईक पुस्तक घेऊनच जेवायला बसलं आणि मुलग्यांच्या देखत मोठ्यानं वाचू लागलं.

“मुलगे बोलत नाहीत तिच्याशी. खानावळ बंद आहे. मी तीन पत्रं टाकली, माई. एकाचंही उत्तर नाही... आणि इकडे वाचक मला सांगतात, तेच प्रकरण सगळ्यांत सुंदर उतरलंय म्हणून!”

माईंचा दोरा एकदाचा ओवला गेला. चार टाके पडले. झोळी झटकून त्यांनी ती कल्याणीच्या खांद्यावर टाकली.

“चल. पाच घरं मागायची.”

“मी? भिक्षा?”

“माझ्यानं वाकवत नाही. दारात उभं राहायचं. ‘भिक्षा, माय’ म्हणायचं. देतील ते घ्यायचं. मान खाली. नाव विचारायचं नाही, तोंड बघायचं नाही.”

“तोंड का नाही बघायचं?”

“भूक पोटाचीच आहे ना?”

उत्तर सुचलं नाही की कल्याणी चिडायची. चिडतच ती निघाली.

पहिल्या घरी भात पडला. दुसऱ्या घरी पिठलं. कल्याणीला फक्त पायरी दिसली, जोडवी दिसली, भेगाळलेली टाच दिसली. मागं माई काठीवर रेलून उभ्या.

तिसऱ्या घरी झोळीत भाकरी पडली. गरम. आणि वरून आवाज आला, “ही भावाच्या नावची हं, माय.”

झालं! कल्याणीची मान वर गेली. तिनं नेली नाही, आपोआप गेली. तीस वर्षांची सवय ती, अशी झोळीत थोडीच घालता येते.

“भावाच्या नावची म्हणजे?”

दारातली बाई चाळिशीची, काळीसावळी, तरतरीत. कोणी काही विचारलं याचंच तिला अप्रूप वाटलं असावं. नाव सत्यभामा. भाऊ बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, कुठं गेला पत्ता नाही. तेव्हापासून रोज तव्यावरची पहिली भाकरी ती त्याच्या नावानं काढून ठेवते, आणि दारात येईल त्याला देते. एक दिवस चुकवला नाही. बाळंतपणात नवऱ्याला थापायला लावली.

“बारा वर्षं!” कल्याणी म्हणाली.

“व्हय तर. भाऊ हाय ना...”

आतून दूध उतू गेल्याचा वास आला. सत्यभामा “अगं बाई!” म्हणत आत पळाली.

कल्याणीही पळाली. समोरच्या लिंबाखाली बसून तिनं वही काढली. पेन चालू लागलं. काय चालू लागलं! अकरा महिन्यांत असं चाललं नव्हतं. दीड पान, पावणेदोन पानं... हात थांबेना.

माई तशाच उभ्या होत्या.

“दोन घरं राहिली,” त्या म्हणाल्या.

“हो, माई, हो... एवढं झालं की...”

“राहू दे. तुझं पोट भरलेलं दिसतंय.”

मठात आल्यावर माईंनी भात, पिठलं, भाकरी, सगळं एका परातीत कालवलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. कशाला कशाची चव राहिली नाही. कल्याणीनं ते कसंबसं गिळलं. पण तिचं लक्ष खाण्यावर नव्हतंच. चेहरा फुलला होता.

“माई, सुचलं मला! म्हणजे संपले नाही मी. मला कळलं तुम्ही का पाठवलंत... हाच तुमचा प्रसाद.”

माई बोटं चाटत होत्या. त्यांनी परात तिच्यापुढं सरकवली.

“घास घे अजून.”

“नको. चारची गाडी आहे. नांदेडहून पुढं कुठंतरी जाईन म्हणते, तेलंगणात...”

तिचं बोलणं संपायच्या आत ओट्याच्या पायरीशी कोणीतरी खाकरलं. बघते तर सत्यभामा. हातात ताकाचा तांब्या.

“माई, ताक आणलं.” मग कल्याणीकडे वळून, “आणि तुमी हो, बाई. लिंबाखाली बसून कायतरी खरडत व्हता. माझंच ना?”

कल्याणीनं वही मागं सारली. आता ही म्हणणार, खोडा ते. आता ही रडणार.

“अहो काही नाही... आपल्या नोंदी. सहज.”

“ऐकव तिला,” माई म्हणाल्या.

“माई, कच्चं आहे अजून...”

“भाकरी तिची कच्ची नव्हती.”

आता बघा, कल्याणी रणदिवे सभागृहांतून वाचून आलेली बाई. माइक, टाळ्या, सह्या. पण जिच्याविषयी लिहिलं तिला समोर बसवून तिनं आजवर एक ओळ वाचली नव्हती. तीस वर्षांत एकदाही नाही. सत्यभामानं पुढ्यात बसकण मारली आणि गुडघ्यांना हाताची मिठी घातली.

कल्याणी वाचू लागली.

“‘बारा वर्षांची वाट तिच्या थकल्या डोळ्यांत साचली होती. पदर डोळ्यांना लावत ती म्हणाली, रोजची पहिली भाकरी माझ्या भावाची. त्या पाठच्या भावासाठी तिचा जीव अजून दाराशी उभा आहे. कुठल्या तरी संध्याकाळी तो येईल, या आशेवर ती तवा तापवते...’”

“थांबा, थांबा!”

कल्याणी थांबली.

“पदर कवा लावला म्या डोळ्याला?”

“म्हणजे... तुमचे डोळे...”

“चुलीचा धूर व्हता तो! आन् वाट कोण बघतंय?”

“तुम्ही... भावाची...”

सत्यभामा माईंकडे बघायला लागली. मग कल्याणीकडे. आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की शेजारचा तांब्या कलंडून ताक सांडलं.

“अवं बाई, नगंच यायला त्यो! मरेस्तोवर मारायचा मला. बाप मेल्यापासनं रोज. ह्यो हात बघा, वाकडा राह्यला. त्यो गेला त्या दिवशी म्या देवाला नारळ फोडला.”

“मग भाकरी?”

“त्याला जिथं असंल तिथं खायला मिळावं म्हणून देते. उपाशी पडला तर घरला यील ना!”

नदीकडून धोपटण्याचा आवाज येत होता, कोणीतरी कपडे धूत असावं.

“भाऊ हाय, म्हणून उपाशी मरावा असं वाटत न्हाई,” सत्यभामा जरा हळू बोलली. “पर हितं नगं. बस, एवढंच हाय ते. मघाशी सांगणारच व्हते, तर दूध उतू गेलं.”

ती उठली. पदर खोचला.

“नीट लिहा, बाई. आन् नाव माझंच घाला, सत्यभामा मारोती कदम. उगं दुसरीचं घालू नका.”

ती गेली. रस्त्यानं जाताना हसत होती, खांदे हलताना दिसत होते.

कल्याणीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण वहीसकट आत जावं. शरम वाटली, राग आला, तोही स्वतःचाच. तिनं ती दोन पानं पुन्हा डोळ्यांखालून घातली. किती छान उतरली होती! एक वाक्य खरं नव्हतं.

साडेतीन वाजून गेले. एरवी या वेळेला तिची पिशवी खांद्यावर असायची. ती बसूनच राहिली.

“माई...”

“हं.”

“इंदुमती ढसाढसा रडली असं लिहिलंय मी.”

“मग?”

“ती रडली होती का, तेच आठवत नाहीये... बांगडा उलटत होती. एवढंच आठवतंय. बांगडा उलटला आणि म्हणाली, मीठ कमी पडलं वाटतं.”

माईंनी ताकाचा तांब्या सरळ केला.

“पोरीला सोडल्याचं तिला दुःख होतं, हे मी ठरवलं. जन्मभर ती झुरतेय, हेही मीच ठरवलं. आणि तिच्या मुलग्यांनी माझं वाचलं, माई. तिचं काय होतं ते त्यांनी तिला विचारलंच नसेल... ती आता त्यांना काय सांगत असेल? माझ्या पुस्तकाविरुद्ध तिचं कोण ऐकणार?”

अकरा महिने ती चूक झाली की नाही यावर डोकं खपवत होती. कोणीतरी हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं, आणि आपण सुटावं. ती सुटका आता एवढ्या जवळून निघून गेली, आणि कल्याणीला त्या सुटकेमागं पळावंसंही वाटेना.

“चारची आहे ना गाडी?” माईंनी विचारलं.

“हो.”

“तेलंगणात?”

कल्याणीनं मान हलवली. नाही म्हणून.

“वेंगुर्ल्याला जाईन. पुस्तक घेऊन. ते प्रकरण तिच्यासमोर वाचेन. ती म्हणेल ते खोडेन. तिला हवं तर मुलग्यांसमोर वाचेन, आणि खोडेन.”

“बरं.”

“पण ती दार उघडणार नाही, माई.”

माईंनी सांडलेलं ताक फडक्यानं पुसायला घेतलं.

“का उघडावं तिनं? मी असते तर उघडलं नसतं. बत्तीस देश फिरले मी. कुठल्या कुठल्या दारांत उभी राहिले, सगळी उघडली. या एका दारासाठी पाय लटपटतायत माझे... बसून राहीन मी तिथं, एक दिवस, दोन दिवस. आणि तिनं नाहीच उघडलं तर?”

गिरजामाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

“तर तू पहिल्यांदाच कुठंतरी पोचलीस म्हणायचं.”