सासूबाई, एक नग

एका गावात एक भोळा सुतार होता. नाव दौलू. हात सोन्याचे, डोकं मात्र देवानं घाईघाईत बसवलेलं. सांगितलं तेवढं तो करायचा, आणि अगदी तसंच करायचा. म्हणूनच लोक त्याला फारसं काही सांगत नसत.

दौलूच्या सासूबाई तानुबाई; तो त्यांना मामी म्हणायचा. सत्तरी उलटलेली, देह भरभक्कम, गुडघे मात्र कामातून गेलेले. त्यांची एकच इच्छा होती. डोळे मिटायच्या आत समुद्र बघायचा आणि नारळी पौर्णिमेला आपल्या हातानं त्याला नारळ वाहायचा. पण एसटीत बसून एवढा घाट उतरायचा म्हणजे गुडघे बोंब मारणार.

दौलूची बायको अनसा म्हणाली, "अवं, आईला निजून जाता यील अशी गाडी करा की!"

दौलूनं शाळेची पोरं न्यायची एक मोडकी व्हॅन विकत घेतली. बाकडी उपटली. आत पलंग, कपाट, शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवायचं ठरलं. चाकांवरचं घरच म्हणा की. नारळी पौर्णिमेला दीड महिना होता. काम दौलूच्या डाव्या हातचा मळ होता. घोडं अडणार होतं ते कागदांवर.

आधी तो विम्याच्या पोतदारभाऊंकडे गेला. पोतदारभाऊ म्हणाले, "हे बघ दौलू, गाडीत काहीही करायचं असलं तर आधी मला कळवायचं. आधी! नाहीतर विमा गेलाच म्हणून समज."

"बरं," दौलू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतदारभाऊ दाढी करत होते. फोन वाजला.

"भाऊ, खिळा मारतोय. मारू?"

"कसला खिळा? मार की!"

पाच मिनिटांनी परत फोन. "भाऊ, दुसरा मारतोय."

दुपारपर्यंत एकतीस खिळे झाले. पोतदारभाऊंची अर्धी दाढी तशीच राहिली. सोळाव्या खिळ्याला त्यांनी फोन उचलला नाही, तर दौलू हातोडा उगारून तसाच उभा राहिला. अनसानं विचारलं तर म्हणाला, "परवानगी आली न्हाई अजून." शेवटी पोतदारभाऊ ओरडले, "अरे बाबा, किरकोळ काही सांगू नकोस! मोठं काही असेल तेवढंच सांग!"

"बरं भाऊ. फुडच्या वेळेला तसंच करतो," दौलू म्हणाला.

पुढची वेळ आली ती तालुक्याला, गाड्यांच्या कचेरीत. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "गाडीत काय काय बसवणार, ते इथं लिहा."

दौलूनं पेन घेतलं आणि विचार केला. पलंग? साडेपाच फुटी, किरकोळ. शेगडी? किरकोळ. टाकी, कपाट? किरकोळच. गाडीत मोठं असं काय जाणार होतं? त्यानं जीभ बाहेर काढून, वळणदार अक्षरात लिहिलं, 'सासूबाई, एक नग.'

बाईंनी न वाचता शिक्का मारला. कचेरीच ती. वर त्या म्हणाल्या, "काम होईस्तोवर गाडी बंद आहे असं लिहून द्या. म्हणजे तेवढ्या दिवसांचा टॅक्स लागणार नाही. पण बघा हं, चाक रस्त्याला लागलं की टॅक्स लागला!"

"बरं बाई. तसंच करतो."

दौलूनं गाडी विटांवर चढवली. चाकं अधांतरी. आता खोटं कशाला बोला, इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. महिनाभर ठोकाठोकी चालली आणि अशी देखणी गाडी झाली की गाव बघायला लोटलं. पौर्णिमेला चार दिवस उरले, तेव्हा कचेरीतून निरोप आला. सोमवारी गाडी तपासणीला आणा, त्याच दिवशी टॅक्सही भरून घेऊ.

आली का पंचाईत! गाडी न्यायची, पण चाक रस्त्याला लागू द्यायचं नाही. दौलू रविवारभर डोकं धरून बसला. सोमवारी उठला आणि घरातल्या सगळ्या गोधड्या त्यानं चाकांना गुंडाळल्या. वरून सुतळीनं आवळल्या. गाडी बाळंतिणीच्या पावलांनी तालुक्याला निघाली. मागं कापसाची रांग.

तपासणीचे साहेब कडक. चाकांकडे बघून त्यांनी चष्मा पुसला. "हे काय?"

"चाक रस्त्याला लागलेलं न्हाई साहेब. गोधडी लागली."

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला आणि मागचं दार उघडलं. पलंगावर तानुबाई आडव्या. त्यांनी मान उचलून विचारलं, "आला का समुद्र?"

साहेब दोन पावलं मागं सरले. "ह्या कोण?"

"अर्जात हैत की साहेब. एक नग."

साहेबांनी अर्ज वाचला. परत वाचला. मग लाल पेन काढून असं खोडलं, असं खोडलं, की कागद फाटला.

"माणसं लिहितात का कुठं अर्जात?" साहेब गरजले. त्यांनी स्वतः नवा कागद केला. पलंग एक, कपाट एक, शेगडी एक, टाकी एक. सही ठोकली. "आणि नीट ऐक. उद्या त्यात आणखी काहीतरी कोंबशील. ह्या कागदावर आहे तेवढंच गाडीत पाहिजे. एक कमी नाही, एक जास्त नाही. रस्त्यात पोलिसानं पकडलं तर गाडी जप्त!"

"बरं साहेब. फुडच्या वेळेला तसंच करतो."

टॅक्स भरला. पोतदारभाऊंनी विम्याचा नवा कागद दिला. देव पावला! पौर्णिमेला पहाटेच गाडी निघाली. तानुबाई पलंगावर, उशाला हळदकुंकू लावलेला नारळ. अनसा पुढं. घाट उतरला तरी गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. शेवटच्या उतारावर गाडी आली आणि समोर, बापरे बाप, समुद्रच समुद्र. अनसा तर टाळ्याच वाजवायला लागली.

तेवढ्यात उताराच्या मध्यावर पोलीस दिसला. गाड्या थांबवून कागद बघत होता.

दौलूला साहेबांचं बोलणं आठवलं. गाडी जप्त झाली तर मामींचा नारळ राहिला! त्यानं हँडब्रेक ओढून गाडी थांबवली, साहेबांचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. पलंग हाय. कपाट हाय. शेगडी, टाकी हाय. मामी? न्हाई. अनसा? न्हाई.

"उतरा," तो म्हणाला.

"अवं, काय येड लागलं का काय?" अनसा म्हणाली.

"कागदावर न्हाईस तू. उतर लवकर!"

दोघींना त्यानं हाताला धरून खाली उतरवलं. मामींना दगडावर बसवलं. परत गाडीत चढला. परत कागद वाचला. आणि त्याच्या लक्षात आलं, अरेच्चा, दौलू तरी कुठाय कागदावर?

तोही उतरला. उतरताना ओढलेला हँडब्रेक सोडून दिला, कारण हँडब्रेकचंही नाव कागदावर नव्हतं.

गाडी निघाली. आधी हळू, मग जोरात.

"ए, कागद!" पोलीस ओरडला.

"हैत की, हे बघा!" दौलूनं वरून कागद हलवून दाखवला.

गाडी पुळणीवर उतरली. कोळी नारळ हातात घेऊन बाजूला पळाले. तानुबाईंनी दगडावरूनच समुद्राला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "जावई बघा माझा! लोक नुस्ता नारळ वाहत्यात, ह्यानं घरासकट वाहिला!"

अनसानं कपाळ बडवून घेतलं. दौलूनं मात्र शांतपणे फोन काढला. गावी पोतदारभाऊंनी नुकताच नारळीभाताचा घास उचलला होता.

"भाऊ, किरकोळ न्हाई, मोठं हाय, म्हणून सांगतोय. आणि आधीच सांगतोय बरं का. गाडी समुद्रात चाललीया. अजून पोचली न्हाई."

घास ताटात पडला. "अरे मग फोन काय करतोस? पळ! गाडीत चढ! ब्रेक दाब!"

"आता काय म्हणावं तुमाला," दौलू म्हणाला. "विम्याचं एवढं काम करता आणि एवढं कळंना व्हय? कागदावर मी न्हाई भाऊ. चढू कसा?"