गडावरून दिसलेली फिकी म्हैस

महिपतराजांना शिंक आली आणि कुंभारवाड्याचं नशीब फिरलं! एक नाही, सटासट शिंका! मुकुट उडून प्रधानाच्या मांडीवर पडला, तसे महाराज कडाडले, "ही धूळ कुंभारांच्या भट्ट्यांची! उद्या सगळ्यांनी राज्य सोडून चालतं व्हायचं!"

भिवरा कुंभारीण दरबारात माठ द्यायला आली होती. घरी म्हातारा बाप, तो कुठे जाणार? तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. "महाराज, धूळ आमचीच कशावरून? मोजली कुणी?"

"मग तूच मोज! पण मुठीत धरायची नाही, तागडीत घालायची नाही, बोटसुद्धा लावायचं नाही! जमलं तर राहा, नाहीतर गाढवं हाकत निघा!"

"जमलं! दोन म्हशी द्या. आणि आपण गडावर चला."

प्रधान खो खो हसला. "म्हशी धूळ मोजणार?"

"छे! त्या नुसत्या उभ्या राहतील. दरबारात बरेच जण तेवढंच काम करतात!"

सकाळी म्हशी घासूनपुसून काळ्याभोर केल्या. एक कुंभारवाड्यात बांधली, दुसरी महाराजांच्या रथाच्या मैदानात. तिथे सारथी रोजच्यासारखा रथ पिटाळत होता. महाराज धापा टाकत बुरुजावर पोहोचले.

"खाली बघा, महाराज. कुंभारवाड्यातली म्हैस कशी दिसते?"

"काळी. जराशी धुरकट."

"तेवढा धूर आमचा, कबूल! आणि मैदानातली?"

महाराजांनी डोळे बारीक केले. "अगं, ही तर राखाडी! म्हैसच फिकी असणार!"

"मग करा अदलाबदल!"

म्हशी पुन्हा धुतल्या, जागा बदलल्या. फिकी म्हैस कुंभारवाड्यात जाताच काळी झाली, आणि काळी मैदानात जाताच राखाडी!

"म्हशी त्याच, ऊनही तेच," भिवरा म्हणाली. "मधल्या हवेत जितकी धूळ, तितकी म्हैस वरून फिकी. झालं मोजून!"

"पण त्या मैदानात जातं कोण?"

"आजच्यापुरती म्हैस, महाराज. एरवी फक्त आपला रथ!"

प्रधान आभाळाकडे बघू लागला. महाराज मात्र पोट धरून हसले, इतके की पुन्हा शिंकले. "कुंभारवाडा राहील! मैदानावर रोज पाणी मारा, आणि घागरी हिच्याकडूनच घ्या! शिवाय एक म्हैस हिला बक्षीस!"

"कुठली, महाराज? काळी की राखाडी?"

"दोन्ही ने, बाई! पण मला पुन्हा गड चढायला लावू नकोस!"